शिकारपूरचे नेत्ररुग्णालय

सर हेन्री हॉलंड यांचे नाव आज आपल्याकडे क्वचितच निघते. १८७५ साली इंग्लंडमधील डरहॅम येथे जन्मलेले व एडिंबरोत वैद्यक शिकलेले हॉलंड १९०० साली बलुचिस्तानात, क्वेट्टा येथील मिशन रुग्णालयात रुजू झाले. रखरखीत ऊन आणि धूळ यांच्या त्या मुलखात मोतीबिंदूने व खुपऱ्यांनी अंध झालेल्यांना वाली नव्हता.

परंतु त्यांच्या कार्याला खरा बहर आला तो सिंधमधील शिकारपूर येथे. सेठ हिरानंद या हिंदू दानशूराने तेथील धर्मार्थ नेत्ररुग्णालयाचा भार उचलला. हॉलंड यांनी दर हिवाळ्यात काही आठवडे तेथे यावे, असे ठरले. धन हिंदूचे, हात ख्रिस्ती मिशनऱ्याचे, रुग्ण हिंदू आणि मुसलमान दोन्ही! मिशनऱ्यांच्या धर्मप्रचाराविषयी मतभेद असावेत, आहेतही. पण दृष्टी परत मिळालेल्या शेतकऱ्यापुढे ते मांडणे कठीण. कायमचा शल्यविशारद जेथे मिळत नाही, तेथे ठरल्या दिवसांत न चुकता येणारा वैद्य हाच व्यवहार्य उपाय, हे त्या सेठजींनी ओळखले होते. रुग्णांचे नातलग तेथेच मुक्काम करीत, स्वतःच रांधीत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिकण्यासाठी अमेरिकेतूनही डॉक्टर येत.

३१ मे १९३५ च्या पहाटे भूकंपाने क्वेट्टा उद्ध्वस्त झाले. ढिगाऱ्याखाली गाडलेल्या हॉलंड यांना मुलाने बाहेर काढले. वय साठ, मायदेशी परतले असते तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी निधी जमवून रुग्णालय पुन्हा उभारले. १९६० चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना व पुत्र रोनाल्ड यांना संयुक्तपणे मिळाला. १९६५ साली हॉलंड निवर्तले.