व्हाइस ॲडमिरल भास्कर सोमण : एक स्मरण

गोवा मुक्तीचा विषय निघाला की पायदळाबद्दल सगळे बोलतात. समुद्रावरच्या माणसांचा उल्लेख कमीच होतो. १८ डिसेंबर १९६१ रोजी आपल्या युद्धनौका मुरगाव आणि अंजदीव बेटाशी भिडल्या, तेव्हा ताफ्याचे प्रमुख होते रिअर ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण. जून १९६२ मध्ये ते नौदलप्रमुख झाले. या पदावरचे ते दुसरे भारतीय.

त्यांची खरी कसोटी १९६५ च्या युद्धात लागली. विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत होती. त्यातच मुंबईपासून २०० मैलांपलीकडे आणि पोरबंदरच्या उत्तरेला जायचे नाही, असा सरकारी आदेश आला. सोमणांनी विरोध केला. आदेश बदलला नाही. सप्टेंबरात पाकिस्तानी नौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या. नौदल गप्प का, असे लोक विचारू लागले. सोमणांनी आदेश पाळला आणि बोल सोसले.

मार्च १९६६ मध्ये ते निवृत्त झाले. पाच वर्षांनी आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला चढवला, तेव्हा ते पदावर नव्हते. १९९५ साली त्यांचे निधन झाले.

न पटलेला हुकूम पाळणे किती जड जाते, हे आम्हा नोकरदारांना ठाऊक आहे. यंदा बाप्पांपुढे हात जोडताना त्यांचीही आठवण ठेवूया.