दिवा आणि वही

शाळेच्या पुस्तकातील चित्रात फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हाती दिवा होता. पुढे तिचे चरित्र वाचताना मला तिच्या दुसऱ्या हातातली आकड्यांची वही दिसू लागली.

तिचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. सुखवस्तू इंग्रज घरातील मुलीने रुग्णसेवा करावी, हे घरच्यांना रुचेना. तरीही १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे जाऊन ती ते काम शिकलीच. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ३८ परिचारिकांसह ती तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली. तेथे जखमांपेक्षा रोगांनीच सैनिक अधिक मरत होते. तिने जेवण, कपडे, झाडलोट यांची व्यवस्था लावली. पण मृत्यू हटेनात. मार्च १८५५ मध्ये सरकारी आयोगाने तुंबलेली गटारे उपसली, हवा खेळती केली, तेव्हा कुठे ते घटले.

मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने तिने आकडे मांडले. अपुऱ्या आहाराने माणसे मेली, हा तिचा समज त्यात कोसळला. खरा घात तिच्याच रुग्णालयातील घाणीने केला होता! हे सत्य तिने झाकले नाही. १८५८ मध्ये रंगीत आकृत्या काढून ते राज्यकर्त्यांपुढे ठेवले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. १३ ऑगस्ट १९१० रोजी ती निवर्तली.

पाठ केलेला सिद्धांत मला परीक्षेपुरता पुरतो. तिने मात्र तो रुग्णाच्या खाटेपाशी ताडून पाहिला, आणि चुकला तेव्हा स्वतःच्या हाताने खोडला.