थेंबात प्राणी पाहणारे दुकानदार

हॉलंड देशात डेल्फ्ट नावाचे गाव आहे. तिथे २४ ऑक्टोबर १६३२ रोजी अँटनी व्हॅन लिवेनहॉक यांचा जन्म झाला. वडील टोपल्या विणायचे. ते लवकर वारले. सोळाव्या वर्षी अँटनी अ‍ॅमस्टरडॅमला एका कापडवाल्याकडे कामाला राहिले आणि पुढे गावी येऊन त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. कॉलेजचे तोंड पाहिले नाही, की लॅटिन शिकले नाहीत. त्या काळी विद्वान मंडळी लॅटिनमध्येच लिहीत, बरं का!

कापडाचा धागा पारखायला व्यापारी भिंग वापरत. लिवेनहॉक यांना भिंगांचाच नाद लागला. मोहरीएवढे भिंग घासायचे, पितळेच्या दोन पट्ट्यांत बसवायचे आणि डोळ्याला लावून काय वाट्टेल ते बघायचे! १६७३ साली त्यांचे पहिले पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीत छापले गेले. त्यात मधमाशीची नांगी होती, ऊ होती आणि बुरशीही होती. शिळ्या भाकरीवर येते ना, तसलीच बुरशी. तिला झाडासारखे हिरवे पान नसते, म्हणून स्वतःचे अन्न करता येत नाही. ज्यावर उगवते त्यातूनच ती अन्न शोषून घेते.

१६७४ साली त्यांनी गावाजवळच्या तळ्याचे पाणी बाटलीत भरून आणले. भिंगातून बघतात तर काय, थेंबात इवलेसे जीव इकडून तिकडे पळताहेत! आज अशा जीवांना प्रोटिस्ट म्हणतात. बहुतेकांचे सगळे अंग म्हणजे एकच पेशी. खाणे, हालणे, एकाचे दोन होणे, सारे तेवढ्यातच. काहींच्या अंगावर बारीक केस असतात, ते वल्ह्यासारखे हलवून ते पोहतात.

१६७६ साली हे सविस्तर कळवले, तर लंडनच्या विद्वानांचा विश्वासच बसेना. लिवेनहॉक भांडत बसले नाहीत. त्यांनी पाद्री, नोटरी अशा आठ भल्या माणसांना बोलावले, भिंगातून दाखवले आणि त्यांची लेखी साक्ष धाडली. लंडनला रॉबर्ट हूक यांनीही खटपट केली. आधी काही दिसेना, पण नोव्हेंबर १६७७ मध्ये दिसले. १६८० साली सोसायटीने या दुकानदाराला आपला सभासद करून घेतले.

त्याच वर्षी त्यांनी बिअरमधले यीस्टचे गोल कण पाहिले. पाव फुगवते तेच हे यीस्ट, बुरशीच्याच कुळातले. पण ते जिवंत आहे हे मात्र त्यांना उमगले नाही. धान्याच्या पिठाचे कण असावेत, असे त्यांना वाटले. ते कोडे उलगडायला १८३७ साल उजाडावे लागले.

चांगल्यात चांगली भिंगे कशी करतात, हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. मला हे काही पटले नाही. २६ ऑगस्ट १७२३ रोजी नव्वदाव्या वर्षी ते वारले. त्यांनी २६ चांदीची सूक्ष्मदर्शक यंत्रे सोसायटीला ठेवली होती. पुढे तीही हरवली.