गॅलरीला कळणारा ऑपेरा : लिलियन बेलिस

लंडनमधल्या आपल्यापैकी अनेकांनी सेंट मार्टिन्स लेनवरच्या कोलिझियममध्ये मोझार्ट इंग्रजीत ऐकला असेल. तिथून चालत काही मिनिटांवर, कॉव्हेंट गार्डनला, तोच ऑपेरा इटालियनमध्ये गातात. एकाच शहरात हे दोन पंथ शेजारी-शेजारी कसे नांदू लागले, याचे उत्तर बऱ्याच अंशी एका बाईंच्या हट्टात सापडते.

लिलियन बेलिस यांचा जन्म १८७४ साली लंडनमध्ये, गाण्याबजावण्यावर पोट भरणाऱ्या कुटुंबात झाला. १८९१ मध्ये हे कुटुंब दक्षिण आफ्रिकेला गेले. लिलियन तिथे व्हायोलिन वाजवीत, जोहान्सबर्गमध्ये संगीताच्या शिकवण्या घेत. आजारपणानंतर त्या लंडनला परतल्या आणि मावशी एमा कॉन्स यांच्या हाताखाली कामाला लागल्या. मावशी समाजसुधारक. वॉटर्लू स्थानकानजीकच्या गरीब वस्तीतले एक बदनाम नाट्यगृह त्यांनी १८८० मध्ये ताब्यात घेऊन तिथे दारूऐवजी कॉफी आणि सभ्य करमणूक सुरू केली होती. हेच पुढचे ओल्ड व्हिक. नाट्यगृहाचा परवाना केवळ संगीतसभांचा असल्याने संपूर्ण ऑपेरा करण्यास बंदी होती. म्हणून वेशभूषा केलेले गायक निवडक प्रवेश तेवढे सादर करीत. १९१२ मध्ये मावशी वारल्या आणि सारा कारभार लिलियन यांच्याकडे आला.

त्या काळच्या लंडनमध्ये ‘मूळ भाषा’ हा शब्दही जपूनच वापरावा लागतो. एकोणिसाव्या शतकात कॉव्हेंट गार्डनला फ्रेंच ‘फाउस्ट’ इटालियनमध्ये गायला जाई. वाग्नरचा ‘फ्लाइंग डचमन’ १८७० मध्ये लंडनने प्रथम ऐकला तोही इटालियनमध्येच. संगीतकाराच्या शब्दांवरील निष्ठेपेक्षा तिथे इटालियन गायकांची सोय आणि उच्चभ्रूंची सवय मोठी होती. नाट्यगृहाच्या नावातला ‘इटालियन’ हा शब्द १८९२ मध्ये गळाला, तेव्हा कुठे हा दंडक सैल झाल्याची पावती मिळाली.

लिलियन यांच्या गॅलरीत काही पेन्स मोजून बसणाऱ्या कष्टकऱ्यांना मात्र इटालियन काय आणि जर्मन काय, सारखेच परके. कथा कळली नाही तर ते पुन्हा येणार नाहीत, हे बाईंनी ओळखले होते. त्यामुळे व्हर्डी, वाग्नर, बिझे, सारे इंग्रजीत. वाद्यवृंद तुटपुंजा, वाग्नरचे अवाढव्य स्वरलेखन चार्ल्स कॉरी त्याच्या आवाक्यात बसवून घेत. पैसा नसला की बाई देवाला साकडे घालीत आणि कलावंतांना पगारवाढ नाकारीत. या स्वस्ताईची किंमत गायकांनीही मोजली, हे त्यांच्या थोरवीच्या कथा सांगताना विसरू नये.

खरी अडचण भाषांतराचीच होती. इटालियन शब्द बहुधा स्वरान्त, लांबलेल्या सुरावर सहज पसरणारे. इंग्रजी शब्द व्यंजनावर येऊन आपटतात. संगीताचा आघात जिथे पडतो तिथे अर्थाचा मुख्य शब्द यावा लागतो, अक्षरसंख्या जुळावी लागते, आणि वरच्या पट्टीत गायिकेला तोंड उघडता येईल असा स्वर हवा. जुन्या भाषांतरकारांनी यमकासाठी वाक्ये उलटीपालटी करून एक कृत्रिम, धेडगुजरी इंग्रजी जन्माला घातले होते. केंब्रिजचे विद्वान एडवर्ड डेंट यांनी ती चाल मोडली. त्यांनी मोझार्टच्या ऑपेरांना बोलता येईल असे इंग्रजी दिले, आणि १९२० च्या सुमारास ओल्ड व्हिकने ते रंगमंचावर आणले. विनोद कळल्याबरोबर प्रेक्षक हसतो, पुढचा सूर त्या हशावर स्वार होतो. ‘फिगारो’सारख्या कृतीत हा लाभ मला मूळ ध्वनीच्या हानीहून मोठा वाटतो. वाग्नरबद्दल मी तितक्या खात्रीने बोलणार नाही.

१९३१ च्या जानेवारीत बाईंनी उत्तर लंडनमधले सॅडलर्स वेल्स पुन्हा उभे केले. ऑपेरा आणि निनेट द व्हॅल्वा यांचे बॅले हळूहळू तिथेच स्थिरावले. १९३४ मध्ये ससेक्समधल्या ग्लाइंडबोर्न इथे जॉन ख्रिस्टी यांनी आपल्या वाड्यालगतच्या नाट्यगृहात ‘फिगारो’ इटालियनमध्ये उभा केला. तिथे तालमींना भरपूर वेळ होता आणि प्रेक्षक पोशाखी. मूळ भाषेच्या बाजूने इतका देखणा दावा इंग्लंडमध्ये पूर्वी क्वचितच मांडला गेला असेल. बाईंकडे तितका पैसा नव्हता, तितका वेळही नव्हता. त्यांनी आपला मार्ग मात्र सोडला नाही.

२५ नोव्हेंबर १९३७ रोजी, लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या ‘मॅकबेथ’चा पहिला प्रयोग तोंडावर आला असताना, त्यांचे निधन झाले. इंग्रजीत गाण्याची सवय लागलेल्या त्यांच्याच मंडळीने १९४५ च्या जूनमध्ये ब्रिटनचा ‘पीटर ग्राइम्स’ सादर केला. या वेळी भाषांतराची गरजच नव्हती. १९६८ मध्ये मंडळी कोलिझियमला आली आणि १९७४ मध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेरा झाली. दरम्यान, १९८३ साली टोरोंटोमध्ये रंगमंचाच्या माथ्यावर भाषांतराच्या ओळी झळकू लागल्या आणि मूळ भाषेच्या पक्षाला नवे बळ मिळाले. २००५ मध्ये कोलिझियमनेही तशा ओळी लावल्या. गायक इंग्रजीत गातात आणि वर तेच इंग्रजी दिसते. गॅलरीतल्या माना आता गाण्याआधी वर वळतात.