विश्लेषण : वेगवेगळ्या भाषांतील प्रोग्राम एकमेकांशी कसे बोलतात? जॉन पोस्टेल यांचे योगदान काय?

नागपुरात बर्डीवरच्या दुकानात क्यूआर कोड स्कॅन केला, की फोनमधले ॲप दूरच्या सर्व्हरला संदेश पाठवते. ॲप जावा भाषेत, सर्व्हरचा प्रोग्राम सी भाषेत लिहिलेला असू शकतो. तरी संदेशाचा अर्थ बदलत नाही. कारण दोघेही आधी ठरलेले नियम पाळतात. हे नियम घडवणाऱ्यांत अमेरिकी संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल (१९४३-१९९८) अग्रणी होते.

सुरुवात कशी झाली?

१९६९ मध्ये पोस्टेल लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठात विद्यार्थी होते. त्याच वर्षी तेथे आर्पानेट, म्हणजे इंटरनेटचे पूर्वरूप, सुरू झाले. जोडलेले संगणक वेगवेगळ्या बनावटीचे होते. त्यामुळे संशोधक नियम ‘आरएफसी’ नावाच्या टिपणांत मांडू लागले. पोस्टेल यांनी या टिपणांचे संपादन अखेरपर्यंत केले.

अडचण नेमकी काय होती?

२५८ ही संख्या दोन बाइटमध्ये १ आणि २ अशी साठवली जाते. काही संगणक मात्र लहान भाग आधी ठेवतात. क्रम उलटा वाचला, तर २५८ चे ५१३ होतात. पोस्टेल यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या आयपी नियमावलीने क्रम ठरवून दिला : मोठा भाग आधी. १९८२ मध्ये त्यांनी ईमेलसाठी एसएमटीपी नियमावली लिहिली. तिच्यातील आज्ञा साध्या अक्षरांत असल्याने कोणत्याही भाषेतला प्रोग्राम त्या पाठवू शकतो.

त्यांच्या तत्त्वावर टीका का होते?

पाठवताना नियम काटेकोर पाळा, स्वीकारताना थोडे सैल राहा, असे ते सांगत. यामुळे नवे प्रोग्राम सहज जोडले गेले. मात्र चुकीचे संदेशही खपून गेल्याने ते रूढ होतात आणि सुरक्षेत फटी राहतात, असा आक्षेप आहे.

एकाच माणसाकडे एवढे अधिकार?

इंटरनेटवरील पत्ते, क्रमांक आणि देशांच्या नावांची नोंद पोस्टेलच सांभाळत. भारताचे ‘.इन’ १९८९ मधले. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी ८ मूळ सर्व्हरच्या चालकांना आपल्या सर्व्हरकडून माहिती घ्यायला सांगितले. अमेरिकी सरकारच्या दबावानंतर हा बदल मागे घेतला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या कामासाठी ‘आयकॅन’ संस्था स्थापन झाली. १६ ऑक्टोबरला, हृदयशस्त्रक्रियेनंतर, पोस्टेल यांचे निधन झाले. नोंदवही संस्थेकडे गेली. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे ईमेल आजही एसएमटीपीनेच जाते.