मेजर टॉमस कँडी : शब्दांच्या संगतीचा अभ्यासक

परकी भाषा शिकणाऱ्यास नामें लवकर पाठ होतात, क्रियापदेंही थोड्या श्रमानें वश होतात. परंतु इंग्रजी नामाच्या आधीं बसणारीं इन, ऑन, ॲट, ऑफ हीं चिमुकलीं अव्ययें भल्याभल्यांस चकवितात. आपल्या ठाण्याच्या वागळे इस्टेटींत नित्य कानीं पडणारा ‘चार्ज’ हा एकच शब्द घ्या. कारखान्यांतील पाळीचा ‘इन-चार्ज’ म्हणजे जिच्यावर त्या पाळीची जबाबदारी आहे ती व्यक्ति. ‘फ्री ऑफ चार्ज’ मिळालेली वस्तु फुकट. विजेला जोडलेली बॅटरी ‘ऑन चार्ज’. आणि कोर्टांत एखाद्यास ‘ऑन ए चार्ज ऑफ थेफ्ट’ उभें केलें, तर तो चोरीच्या आरोपावरून उभा असतो. नाम एकच, पण शेजारीं बसणारें अव्यय बदलतांच जबाबदार मनुष्याचा आरोपी होतो! इंग्रजी आणि मराठी यांच्यामधील असले अडचणीचे घाट बांधून काढण्यांत ज्यांनीं उभा जन्म वेंचला, त्या मेजर टॉमस कँडी यांचें अल्पचरित्र येथें देत आहों.

टॉमस कँडी यांचा जन्म इंग्लंडांत १८०४ सालीं झाला. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. ऑक्सफर्ड येथें कांहीं शिक्षण झाल्यावर १८२२ सालीं टॉमस ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यांत नोकरी धरून हिंदुस्थानांत आले. पेशवाई बुडून तेव्हां अवघीं चार वर्षें झालीं होतीं. नव्या सरकारास रयतेची भाषा जाणणारे अधिकारी हवे होते, आणि शिपायांशीं व रयतेशीं बोलावयाचें तर हातीं नीटसा कोशही नव्हता. कँडी यांनीं देशी भाषांचा कसून अभ्यास केला व ते पलटणींत दुभाष्याचें काम करूं लागले. दुभाष्याची एक चूक म्हणजे कित्येकदां निरपराध्यास शिक्षा. तेव्हां एका शब्दानें काय होतें, हें त्यांस त्या वयांतच उमगलें असल्यास नवल नाहीं.

ह्याच सुमारास जेम्स मोल्सवर्थ नांवाचे दुसरे लष्करी अधिकारी मराठी शब्दांचा संग्रह करीत होते. मुंबई सरकारनें हें काम त्यांच्याकडे सोंपविलें, आणि कँडी बंधु त्यांचे साहाय्यक झाले. जगन्नाथशास्त्री क्रमवंत प्रभृति पंडितांनीं रचलेला मराठी-मराठी कोश १८२९ सालीं निघाला. पाठोपाठ १८३१ सालीं मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. ह्या कोशांत ‘हात’ ह्या एका शब्दाखालीं वाक्प्रचारांची लांबच लांब रांग लागलेली आहे. हात आंखडणें, हात दाखविणें, हात देणें, प्रत्येकाचा अर्थ निराळा. एकट्या शब्दाचा अर्थ सांगून भागत नाहीं, त्याची संगतही सांगावी लागते, हा धडा कँडी येथें शिकले.

पुढील काम याहून बिकट होतें. मोल्सवर्थ यांनीं इंग्रजी-मराठी कोशास आरंभ केला, परंतु प्रकृति ढासळल्यामुळें ते स्वदेशीं परतले, आणि सर्व भार कँडी यांच्या शिरावर आला. इंग्रजींत अव्यय नामाच्या आधीं आणि सुटें उभें राहतें. मराठींत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय हीं नामाच्या पाठीमागें चिकटतात, आणि चिकटतांना नामाचें रूपही बदलतात : घोडा, परंतु घोड्यावर. शिवाय एका इंग्रजी अव्ययास एकच मराठी प्रतिशब्द कधींच पुरत नाहीं. ‘ॲट होम’ म्हणजे घरीं, ‘ॲट वर्क’ म्हणजे कामावर, ‘ॲट हँड’ म्हणजे हाताशीं. अव्यय तेंच, मराठींत मात्र एकदां सप्तमीचा प्रत्यय, एकदां ‘वर’, तर एकदां ‘शीं’.

‘हँड’ म्हणजे हात हें बालवर्गांतील मुलासही ठाऊक असतें. ‘इन हँड’ म्हणजे हातीं आणि ‘आउट ऑफ हँड’ म्हणजे हाताबाहेर, येथवर दोन्ही भाषा जोडीनें चालतात. परंतु ‘ऑन’ म्हणजे वर, तेव्हां ‘ऑन हँड’ म्हणजे हातावर, असें कोणी म्हणूं लागला तर फसला! वखारीच्या वहींत त्या शब्दांचा अर्थ शिल्लक माल असा आहे. मराठींत ज्याचें पोट हातावर आहे, त्याच्यापाशीं शिल्लक अशी कांहींच नसते. तसेंच एखादा लेख अमुकाच्या ‘अंडर द हँड’ आहे म्हणजे त्याखालीं अमुकाची सही आहे. मराठींत हाताखालीं असतो तो मदतनीस. असल्या जागा एक एक करून पारखावयाच्या, पंडितांस विचारावयाच्या, आणि मगच प्रतिशब्द लिहावयाचा, असें हें काम असतें. कँडी यांनीं तें चिकाटीनें तडीस नेलें व १८४७ सालीं हा इंग्रजी-मराठी कोश छापून निघाला.

कोशाबरोबरच त्यांची दुसरी सेवाही चालू होती. १८३७ पासून ते पुण्याच्या संस्कृत पाठशाळेवर देखरेख करीत होते. १८५१ सालीं तिचें पुना कॉलेजांत रूपांतर झालें, तेव्हां तेच तेथील मुख्याध्यापक झाले. पुढें सरकारचे मराठी भाषांतरकार ह्या नात्यानें शाळांचीं अनेक पुस्तकें त्यांच्या नजरेखालून गेलीं. विरामचिन्हांची परिभाषा हें त्यांचें पुस्तक १८५० सालचें. मराठी वाक्यांत स्वल्पविराम, अर्धविराम इत्यादि चिन्हें रुळलीं, ह्याचें बरेंच श्रेय त्यांसच दिलें जातें. भाषणसांप्रदायिक वाक्यें हें त्यांचें पुस्तक तर नांवावरूनच सांगतें कीं, सुटे शब्द नव्हेत, भाषेच्या संप्रदायाप्रमाणें जुळलेलीं वाक्यें शिकावयाचीं. १८६० सालच्या इंडियन पीनल कोडाचें मराठी भाषांतरही त्यांनीं केलें. तो कायदा १ जुलै २०२४ रोजीं जाऊन त्याच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. परंतु कायद्याच्या भाषांतरांत ‘च्या ताब्यांत’ आणि ‘च्या आरोपावरून’ यांतील भेद सांभाळण्याची जबाबदारी आजही तेवढीच मोठी आहे.

कँडी यांच्या कार्यास दुसरी बाजूही आहे, आणि ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मराठीस इंग्रजी वळण लागलें, वाक्यें ताठर झालीं, असा आक्षेप पुढील पिढीच्या लेखकांनीं घेतला. त्यांत तथ्य होतें. परकी वाक्य शब्दास शब्द लावून आणलें कीं त्याचें अव्ययही चोरपावलांनीं बरोबर येतें, आणि आपली भाषा हळूहळू दुसऱ्याच्या चालीनें चालूं लागते. कोशांत ज्या मोहापासून कँडी इतरांस सावध करीत, तोच मोह भाषांतरांत त्यांसही सर्वस्वीं टाळतां आला नाहीं. जन्मभर अभ्यास केलेल्या परदेशस्थाची ही गत, तर घाईघाईनें भाषांतर करणाऱ्या आपल्यासारख्यांनीं किती जपावें!

१८७३ सालीं इंग्रजी-मराठी कोशाची दुसरी आवृत्ति निघाली. तत्पूर्वीं १८७१ सालीं मोल्सवर्थ इंग्लंडांत निवर्तले होते. १८७७ सालीं महाबळेश्वर येथें मेजर कँडी यांनीं देह ठेविला. अठराव्या वर्षीं तलवार बांधून आलेला हा पुरुष पन्नासांहून अधिक वर्षें मराठी शब्दांच्या सहवासांत राहिला.

विद्यार्थिमित्रहो, त्यांच्या चरित्रापासून घेण्याजोगा बोध सोपा आहे. इंग्रजी नाम पाठ कराल तेव्हां तें एकटें करूं नका. त्याच्याबरोबर कोणकोणतीं अव्ययें येतात आणि प्रत्येकाबरोबर अर्थ कसा बदलतो, तें वहींत लिहून ठेवा. आणि मराठींत लिहितांना त्या अव्ययाचा प्रतिशब्द शोधूं नका. आपल्या घरीं तीच गोष्ट कशी बोलतात, तें आठवा. एवढें ज्यास साधलें, त्याच्या हातीं दोन्ही भाषा आल्या.