'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान



दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या नांदेड-लातूरकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. त्या दिवशी अनेकांची नावे आदराने घेतली जातात. त्यांतील एक नाव आपल्या मुलांना ठाऊक असायलाच हवे. ते म्हणजे शोएबुल्ला खान.

त्यांचा जन्म १९२० सालच्या ऑक्टोबरात, तेलंगणातील सुब्रवेडू या गावी झाला. वडील हबीबुल्ला खान रेल्वे पोलिसांत नोकरीला होते. घरची श्रीमंती नव्हती. पण मुलाला त्यांनी उस्मानिया विद्यापीठातून पदवीधर केले. त्या काळच्या पदवीधराला सरकारी नोकरी म्हणजे सुखाचा संसार. शोएबुल्लांनी मात्र वर्तमानपत्राची वाट धरली.

ते प्रथम 'तेज' या उर्दू साप्ताहिकात लिहू लागले. निजाम सरकारने ते बंद केले. मग ते मंदमुला नरसिंगरावांच्या 'रय्यत' पत्रात गेले. तेही बंद झाले. दोन पत्रे डोळ्यांदेखत बंद पडल्यावर दुसरा कुणी खचला असता. यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये स्वतःचेच उर्दू दैनिक काढले. बुर्गुला रामकृष्णराव यांचे त्यांना साहाय्य होते. पत्राचे नाव 'इमरोज', म्हणजे 'आज'.

वाचकहो, तो काळ डोळ्यांसमोर आणा. देश स्वतंत्र झाला होता, पण आपला मराठवाडा निजामी राजवटीतच होता. रझाकारांचा जोर वाढला होता आणि त्यांचा पुढारी कासीम रझवी हा आपल्या लातूरचाच वकील. अशा वेळी खुद्द हैदराबाद शहरात राहून शोएबुल्लांनी उर्दूतून रझाकारांच्या अत्याचारांवर टीका केली आणि संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे उघड लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुस्लिम मान्यवरांनी याच विचाराचे निवेदन काढले. 'इमरोज'ने ते छापले.

त्यांना धमक्या येत होत्या. विरोधात उठणारे हात तोडण्याची भाषा जाहीर सभेतून होत होती. २१ ऑगस्टच्या रात्री काम आटोपून मेहुणे इस्माईल खान यांच्यासह ते घरी निघाले असता, काचीगुडा भागात मारेकऱ्यांनी गाठले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यांचा लिहिणारा हात तोडला. मदतीला धावलेल्या इस्माईल खानांचाही हात गेला, ते वाचले. शोएबुल्लांनी २२ ऑगस्टच्या पहाटे प्राण सोडला. वय अवघे २७ वर्षांचे!

महिन्याच्या आतच, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. पुढच्या दिवसांत रझाकारांच्या पापाची शिक्षा अनेक निरपराध मुसलमानांना भोगावी लागली. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद यांची नावे नोंदवली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. आपल्या कित्येक घरांतील वडीलधाऱ्यांनी ते दुःख मुकाट्याने सोसले.

म्हणूनच हे चरित्र आपल्यासाठी मोलाचे आहे. त्या दिवसांची आठवण निघाली की आपल्या समाजाचे नाव फक्त रझवीशी जोडले जाते. तेव्हा मुलांनो, मान खाली घालू नका. लातूरच्या त्या वकिलाचे नाव निघेल तिथे 'इमरोज'च्या संपादकाचेही नाव सांगा. दोघेही शिकलेले होते. एकाने विद्या लोकांना भडकवण्यासाठी वापरली, तर दुसऱ्याने सत्य लिहिण्यासाठी. शिक्षण घेतल्यावर त्याचे काय करायचे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

पालकहो, आपल्या मुलाच्या हाती लेखणी देताना शोएबुल्लांची ही कहाणीही त्याला अवश्य सांगा.